डासांची प्रतिकारशक्ती आणि सहजीवी जिवाणू

डासांच्या शरीरातील नैसर्गिक संरक्षणव्यवस्था आणि त्यांच्या आतड्यात वा पेशींत राहणारे जिवाणू यांचा आधार घेऊन डेंग्यू, चिकुनगुनिया, हिवताप यांसारख्या रोगांचा प्रसार रोखण्याची पद्धत. कीटकनाशकांनी डास मारणे हा हिचा मुख्य हेतू नाही. डास जिवंत राहावा पण रोग वाहून नेण्यास नालायक ठरावा, असा प्रयत्न असतो. काही देशांत मात्र याच जिवाणूंचा उपयोग डासांची संख्या घटवण्यासाठीही केला जातो.

डास म्हणजे रोगजंतू एकाकडून घेऊन दुसऱ्याला टोचणारी सुई, ही समजूत चुकीची आहे. रक्ताबरोबर पोटात गेलेला डेंग्यूचा विषाणू आधी आतड्याच्या पेशींत वाढतो, मग शरीरभर पसरतो आणि साधारण ८ ते १२ दिवसांनी लाळग्रंथीत पोहोचतो. त्यानंतरच मादीचा चावा धोक्याचा ठरतो. हिवतापाच्या परजीवीचा प्रवास याहून खडतर असतो. रक्त प्यायल्यानंतर सुमारे एका दिवसात त्याचे फिरते रूप आतड्याच्या भिंतीत घुसते आणि ती पार करून बाहेरच्या बाजूला गाठ धरते. ब्रिटिश वैद्य रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीवर दिसल्या त्या याच गाठी. भिंत ओलांडताना बहुतेक परजीवी मरतात. अ‍ॅनोफिलिस गँबी या आफ्रिकी डासाच्या रक्तद्रवातील टेप-१ नावाचे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि त्यांचा नाश घडवून आणते. काही वाणांमध्ये मेलेल्या परजीवीभोवती मेलॅनिनचे काळे कवच चढते. प्रयोगशाळेत या प्रथिनाचे जनुक बंद केले, की त्याच डासात गाठींची संख्या कित्येक पटींनी वाढते.

डासाला आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. त्याची भिस्त जन्मजात प्रतिकारावर असते. टोल, आयएमडी आणि जॅक-स्टॅट या संदेशवाहिन्या धोका ओळखून जंतुनाशक प्रथिने तयार करायला लावतात. विषाणूंशी सामना मुख्यतः आरएनए-हस्तक्षेप या यंत्रणेद्वारे होतो: विषाणूच्या आरएनएचे तुकडे करून त्याची वाढ थांबवली जाते. एडिस इजिप्ती डासात टोल वाहिनी डेंग्यूच्या विषाणूला आवर घालते, हे २००८ मध्ये दाखवले गेले.

या व्यवस्थेला सतत जागे ठेवण्याचे काम आतड्यातील जिवाणू करतात. प्रतिजैविके देऊन डासाचे आतडे जिवाणूमुक्त केले, तर हिवतापाचा परजीवी त्यात अधिक सहज वाढतो. झांबियातील डासांमध्ये सापडलेला एंटरोबॅक्टर गणातील एक जिवाणू ऑक्सिजनची तीव्र क्रियाशील रूपे तयार करून परजीवीला थेट मारतो, त्यासाठी त्याला डासाच्या प्रतिकारशक्तीची मदतही लागत नाही. डासाच्या आतड्यातील या सूक्ष्म वस्तीच्या अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स येथील संशोधकांनी २००२ मध्ये क्यूलेक्स डासाच्या आतड्यातून एरोमोनास गणातील एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला डासावरून ‘क्युलिसिकोला’ हे जातिनाम दिले.

प्रत्यक्ष रोगनियंत्रणात सर्वांत पुढे गेलेला जिवाणू म्हणजे वोल्बाकिया. मार्शल हर्टिग आणि सिमियन वोल्बाक यांनी १९२४ मध्ये तो क्यूलेक्स डासाच्या जननेंद्रियांत पाहिला. तो पेशींच्या आत राहतो आणि मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. स्वतःचा प्रसार वाढवण्याची त्याची युक्ती विलक्षण आहे. वोल्बाकिया असलेल्या, म्हणजे बाधित, नराचा तो नसलेल्या अबाधित मादीशी समागम झाला, तर अंडी उबत नाहीत. बाधित मादीला मात्र नर बाधित असो वा नसो, पिल्ले होतात आणि ती सारी बाधित निपजतात. म्हणजे बाधित माद्यांचे पारडे पिढ्यान्‌पिढ्या जड होत जाते. फक्त बाधित नर सोडले, तर डासांची संख्या घटते. माद्याही सोडल्या, तर जिवाणू वस्तीभर पसरतो. सिंगापूरने पहिली वाट धरली, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाने दुसरी.

एडिस इजिप्ती या डेंग्यूच्या मुख्य वाहकात वोल्बाकिया निसर्गतः आढळत नाही. फळमाशीतील वोल्बाकिया तिचे विषाणूंपासून रक्षण करतो, हे २००८ मध्ये कळले. मग ऑस्ट्रेलियातील संशोधक स्कॉट ओनील यांच्या गटाने फळमाशीतील जिवाणू काचेच्या अतिसूक्ष्म सुईने एडिसच्या ताज्या अंड्यांत टोचून स्थिर वाण तयार केले. अशा डासांत डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या विषाणूंची वाढ मंदावते. एक तर जिवाणू डासाची प्रतिकारव्यवस्था चेतवतो, शिवाय पेशीतील कोलेस्टेरॉलसारख्या ज्या द्रव्यांवर विषाणू वाढतो, त्यांवर तो स्वतःच डल्ला मारतो. मात्र नवा पाहुणा असताना हा परिणाम ठळक असतो. क्यूलेक्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या वोल्बाकिया असूनही तो हत्तीरोग पसरवतोच. (विशेष म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीतही वोल्बाकियाचा एक प्रकार असतो. त्यावाचून कृमीचे चालत नाही, म्हणून डॉक्सिसायक्लिनने जिवाणू मारला की कृमीही वंध्य होऊन हळूहळू मरतो.)

जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्सजवळ यॉर्कीज नॉब आणि गॉर्डनव्हेल या वस्त्यांत पहिले बाधित एडिस सोडण्यात आले. काही महिन्यांत तिथले बहुतेक सर्व एडिस बाधित निघाले आणि ती स्थिती पुढे टिकली. डासाचे आयुष्य निम्मे करणारा वोल्बाकियाचा दुसरा प्रकार मात्र ऑस्ट्रेलिया आणि व्हिएतनाममध्ये वापरून पाहिल्यावर टिकला नाही, कारण तो डासालाच फार दुबळा करतो. डासाला पेलवेल आणि विषाणूला रोखेल असा वाण निवडणे, हे या तंत्राचे खरे मर्म आहे.

सर्वांत भक्कम पुरावा इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराने दिला. संशोधक आदी उतारिनी यांच्या नेतृत्वाखाली शहराचे २४ विभाग पाडून त्यांतले १२ चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे निवडले गेले. तिथल्या अंगणांत पाणी, अळ्यांचे खाद्य आणि बाधित अंडी असलेली झाकणबंद भांडी ठेवली. दर दोन आठवड्यांनी ती बदलत. ज्यांच्या दारात हे भांडे ठेवायचे, त्यांची परवानगी आधी घेतली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या विभागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल करावे लागणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले. डेंग्यूविरुद्धच्या कोणत्याही डासनियंत्रण उपायाला अशा काटेकोर चाचणीत इतके यश क्वचितच मिळाले आहे, म्हणून हा निकाल मोलाचा आहे.

लोकांच्या संमतीचा मुद्दा भारताला फार आधी कळला होता. जर्मन संशोधक हान्स लावेन यांनी १९६७ मध्ये ब्रह्मदेशातील ओक्पो या गावात विसंगत नर (ज्यांच्याशी समागम झाल्यास स्थानिक माद्यांची अंडी उबत नाहीत असे) सोडून क्यूलेक्सचा नायनाट करून दाखवला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे केंद्र उभारले. त्याला अमेरिकी पैसा होता. या केंद्राने एडिस डासही निवडण्यामागे, तो पसरवत असलेल्या पीतज्वराशी निगडित लष्करी हेतू असल्याचा संशय वृत्तपत्रांनी आणि संसदेच्या लोकलेखा समितीने व्यक्त केला आणि १९७५ मध्ये काम गुंडाळावे लागले. आरोप खरे होते की खोटे यापेक्षा, ज्यांच्या गावात डास सोडायचे त्यांना नीट समजावून सांगितले गेले नाही, ही उणीव अधिक महागात पडली. भारतात हा विषय त्यानंतर दशकानुदशके मागे राहिला.

पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने आता तो पुन्हा हाती घेतला असून, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या सहकार्याने स्थानिक एडिसचे दोन वाण तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. एकात फळमाशीतील, तर दुसऱ्यात एडिस अल्बोपिक्टसमधील वोल्बाकिया आहे. हा भेद भारतासाठी महत्त्वाचा आहे. अळ्या वाढत असलेले पाणी रोज ३७ अंशांपर्यंत तापू लागले, की फळमाशीतला वोल्बाकिया डासाच्या शरीरात विरळ होत जातो. दुसरा उष्णतेला अधिक टिकाव धरतो आणि मलेशियात क्वालालंपूरमध्ये तोच वापरला गेला. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात ठेवलेल्या टाक्या आणि पिंपांचा विचार केला, तर वाणाची निवड हवामान पाहूनच करावी लागेल.

हिवतापाबाबत प्रगती मंद आहे. मुंबईसारख्या शहरात गच्चीवरच्या टाक्यांतून वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डासात वोल्बाकिया स्थिर करण्यात २०१३ मध्ये यश आले आणि परजीवींची संख्या घटली, पण मादीची प्रजननक्षमताही खालावली. म्हणून आतड्यातील जिवाणूंवर अधिक भर दिला जात आहे. डेल्फ्टिया त्सुरुहातेन्सिस या जिवाणूचा एक वाण हार्मेन नावाचे द्रव्य स्रवून परजीवीची वाढ रोखतो, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा जिवाणू मादीकडून पिल्लांकडे जात नाही, तो अळ्यांच्या पाण्यात किंवा साखरपाण्यातून पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

वोल्बाकियाचे डास सोडण्याआधी केर्न्समध्ये घराघरांतील साचलेले पाणी कमी करण्यात आले होते, कारण स्थानिक डास आधीच कमी असतील तर बाधित डासांना पसरायला कमी संख्या पुरते. सोडल्यानंतर काही आठवडे डास वाढल्यासारखे वाटतात, आणि त्या काळात केलेली सरसकट धूरफवारणी सोडलेल्या डासांनाही मारते. पालिकेचा फवारणी विभाग आणि डास सोडणारे पथक यांनी वेळापत्रक एकत्र बसूनच ठरवावे लागते.