उकळताना तापमान स्थिर राहिलं म्हणून द्रव शुद्ध ठरत नाही

‘उत्कलनांक ठरलेला असेल तर शुद्ध पदार्थ, तापमान चढत गेलं तर मिश्रण.’ शाळेपासून पाठ झालेला हा नियम अर्धाच खरा आहे. शुद्ध पदार्थ ठरावीक दाबाला एकाच तापमानाला उकळतो, हे बरोबर. उलट बाजू मात्र खरी नाही.

आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतच याचा पुरावा आहे. मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचं कितीही वेळा ऊर्ध्वपातन केलं, तरी साध्या वातावरणीय दाबाला ते वजनाने सुमारे 95.6 टक्के इथेनॉलवर अडतं. उरलेलं पाणी सुटत नाही, कारण या प्रमाणाला वाफेत आणि द्रवात दोन्ही घटक सारखेच असतात. हे मिश्रण 78.2 अंश सेल्सिअसला, तापमान न बदलता, शेवटच्या थेंबापर्यंत उकळतं. शुद्ध इथेनॉलचा उत्कलनांक 78.4 आहे. साधा थर्मामीटर इथे काय फरक दाखवणार?

मग हे संयुग का मानू नये? कारण दाब बदलला की हे प्रमाणही बदलतं. संयुगातलं प्रमाण असं बदलत नाही. रॉस्को आणि डिटमार या रसायनशास्त्रज्ञांनी 1860च्या सुमारास हायड्रोक्लोरिक आम्लाबाबत नेमकं हेच दाखवलं होतं.

पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ निर्जल लागतं. त्यासाठी या मिश्रणाची वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजासारख्या पदार्थाच्या थरातून नेतात. पाण्याचे रेणू त्याच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात, मोठे इथेनॉलचे रेणू त्यांत शिरू शकत नाहीत आणि पुढे जातात. रासायनिक बंध न तोडता घटक वेगळे झाले, म्हणजे ते मिश्रणच होतं.