पाणी ही हायड्रोजनची राख आहे

पाण्यावर चालणाऱ्या गाडीची चित्रफीत आमच्या साताऱ्यात दर दोन-चार महिन्यांनी मोबाइलवर फिरते, आणि हायड्रोजनवरील बसची बातमी वाचली की ती हीच गाडी, असे अनेकांना वाटते. वास्तविक पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख आहे. कोयनेच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीतील बोगद्यांतून घाटाखालच्या पोफळीच्या वीजगृहाकडे उतरताना वीज देते; पण वाशिष्ठी नदीला मिळालेल्या त्या पाण्याकडून पुन्हा वीज हवी असेल, तर ते आधी घाटावर चढवावे लागेल आणि त्यासाठी आधी मिळालेल्या विजेहून अधिक वीज खर्च होईल. पाण्यातून हायड्रोजन काढणे हे असे चढवणेच आहे. म्हणून पाण्यावरच्या गाडीसाठी कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.

हायड्रोजनवरील बसमध्ये वीज तयार करतो तो इंधन घट (फ्युएल सेल). त्यात हायड्रोजन पेट घेत नाही, तरी त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि हे साधते ते मधल्या केसाहून पातळ पटलामुळे. एका बाजूने आलेल्या हायड्रोजनच्या रेणूचे प्लॅटिनमवर प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पटल प्रोटॉनला वाट देते, इलेक्ट्रॉनला देत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पटलाचा कणा बिनचिकट तव्याच्या टेफ्लॉनसारखा, पाण्याला दूर ठेवणारा. त्याला लटकलेले आम्लगट मात्र पाणी धरून ठेवतात, आणि त्या ओल्या वाटांमधून प्रोटॉन पुढे सरकतो. त्यातही एकच प्रोटॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत जातोच असे नाही. बांधकामावर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात घमेले असावे, त्याने आपले पुढच्याला देऊन मागच्याचे घ्यावे, तसा पाण्याचा रेणू एक प्रोटॉन घेतो आणि आपल्याकडचा दुसरा पुढे सोडतो. मला हे निसर्गातील सर्वांत सुंदर हस्तांतरणांपैकी एक वाटते. पटल वाळले की ही साखळी तुटते, आणि पाणी फार साचले की वायूंच्या वाटा तुंबतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली इंधन घटाचे तत्त्व दाखवले आणि १९६५ साली जेमिनी-५ या अंतराळयानात असे घट वापरले गेले.

हिशेब मात्र कठोर आहे. विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेने पाणी फोडून, एक किलो हायड्रोजन मिळवण्यास पन्नासहून अधिक युनिट वीज लागते आणि इंधन घट त्यातून जेमतेम सोळा ते अठरा युनिट परत देतो. वायू दाबून टाकीत भरण्याचा खर्च निराळाच. तीच वीज बॅटरीत भरली तर तिचा बराच मोठा भाग चाकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे सांगली-मिरज फेऱ्या मारणाऱ्या रिक्षेला किंवा दुचाकीला हायड्रोजनचा उपयोग नाही, असे माझे मत आहे. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकमध्ये, जिथे बॅटरीचे वजनच मालाची जागा खाते, तिथे इंधन घटाला वाव आहे. पण चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांची पावसाळ्यातली शिल्लक वीज हायड्रोजनसाठी वापरायचीच ठरली, तर पहिला हक्क ट्रकचाही नव्हे, खताचा आहे. उसाला आपण जो युरिया घालतो, त्यासाठीच्या अमोनियाचा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि तिथे त्याची पुन्हा वीज करण्याची गरजच नसते.