चाकूतला साइड स्टँड

अमेरिकेत ऑरेगनमधल्या हिल्सबरोला लेकीकडे गेलो होतो. तिथे दारात रोज एखादं तरी कुरिअरचं खोकं येऊन पडतं. जावई खिशातून तळहातात मावणारी एक चपटी, रंगीत वस्तू काढतो, तर्जनीने तिच्या पाठीवरचा कोंब दाबतो, टक् असा आवाज होतो आणि बोटभर लांबीचं पातं बाहेर येतं. खोकं कापलं, पातं मिटलं, चाकू परत खिशात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आमची सौभाग्यवती सोफ्यावरून उठलीच.

"अहो, हा तर रामपुरी!"

"नाही हो आई," जावई कसनुसा हसत म्हणाला, "हा खटक्याचा नाही. असिस्टेड आहे, म्हणजे उघडायला स्प्रिंगची नुसती मदत."

"खटका नाही, मग टक् कशाचं झालं?"

बिनतोड प्रश्न. बत्तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवलेला माणूस समोर बसलेला, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे आलं. मी चाकू मागून घेतला आणि दोन दिवस परत दिला नाही.

चाकू होता कर्शॉ कंपनीचा 'लीक', इंद्रधनुषी रंगाचा. कंपनीचा कारखाना लेकीच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर, ट्युआलाटिनला. पातं तीन इंचांचं, सगळा चाकू साधारण ८५ ग्रॅमचा. स्प्रिंगची ही करामत हवाईच्या केन ऑनियन या कारागिराची. १९९०च्या दशकात ब्लॅकी कॉलिन्स या दुसऱ्या अमेरिकन कारागिरानेही याच धर्तीची रचना केली होती. ती नेमकी काय आहे हे समजून घ्यायला चाकू बाजूला ठेवा आणि खाली पार्किंगमध्ये चला.

स्कूटरचा साइड स्टँड पायाने खाली ढकलून बघा. सुरुवातीला तो विरोध करतो, पाय काढला तर परत वर जातो. पण एका ठरावीक जागेपुढे ढकललात की त्याचं मन बदलतं आणि तो आपणहून खाट्कन खाली जाऊन बसतो. वर घेताना उलट: निम्म्या वाटेपर्यंत तुम्ही, पुढे तो. स्प्रिंग एकच. ती फक्त आखडू बघते, दुसरं काही तिला येत नाही. मग तीच स्प्रिंग स्टँडला कधी वर आणि कधी खाली कशी ओढते?

स्प्रिंगचं एक टोक गाडीच्या सांगाड्यावरच्या खुंटीला, दुसरं स्टँडवरच्या खुंटीला. या दोन खुंट्या जोडणारी रेघ मनात ओढा. स्टँड ज्या बोल्टभोवती फिरतो त्याच्या एका बाजूने ही रेघ जात असेल तर स्प्रिंग स्टँडला वर फिरवते, दुसऱ्या बाजूने जात असेल तर खाली. दोन्हींच्या मधे एक क्षण असा येतो की रेघ बरोबर बोल्टच्या मध्यातून जाते. त्या क्षणी स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते आणि तिचा उपयोग मात्र शून्य असतो. दार बिजागरीपाशी ढकलून बघा, कितीही जोर लावा, दार ढिम्म. फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, हा जोर गुणिले फिरण्याच्या अक्षापासून त्या जोराच्या रेघेचं लंब अंतर. अंतर शून्य तर टॉर्क शून्य. वर्कशॉपमध्ये या जागेला डेड सेंटर म्हणतात.

घरातल्या दिव्याच्या बटणातही हीच युक्ती आहे. बटण अर्धवट दाबून अधेमधे ठेवता येत नाही, कारण तिथे ठिणग्या पडून संपर्काच्या पट्ट्या जळतील. म्हणून आतली स्प्रिंग त्याला मधे टिकूच देत नाही: इकडे तरी जा, नाहीतर तिकडे. जुनी माणसं या बटणाला खटकाच म्हणायची. सौभाग्यवतीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. टक् आवाज व्हायला खटक्याचाच चाकू लागतो असं नाही.

लीकमध्ये आखडणाऱ्या स्प्रिंगऐवजी वाकवलेली, पीळ सोसणारी पोलादी तार असते. तिचं एक टोक मुठीत अडकवलेलं, दुसरं पात्याच्या बुडाशी, फिरण्याच्या खिळीजवळ. सामान निराळं, भूमिती साइड स्टँडचीच.

आता जरा आलेख काढू. माझे विद्यार्थी इथे जांभया द्यायला लागायचे, तुम्ही देऊ नका. आडव्या अक्षावर पातं किती अंश उघडलं ते घ्या, शून्यापासून १८० पर्यंत. उभ्या अक्षावर स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा. पातं म्हणजे या आलेखाच्या रेघेवर ठेवलेली गोटी समजा. गोटी नेहमी उताराकडे घरंगळते.

खऱ्या खटक्याच्या चाकूचा आलेख म्हणजे नुसती घसरगुंडी. शून्य अंशाला ऊर्जा सगळ्यात जास्त, तिथून १८० पर्यंत उतारच उतार. गोटी घसरगुंडीच्या माथ्यावर एका खिट्टीने अडवून ठेवलेली असते. बटण दाबलं की खिट्टी सरकते आणि गोटी सुटते. बोटाने पात्याला काहीच दिलेलं नसतं, फक्त परवानगी दिलेली असते.

असिस्टेड चाकूच्या आलेखात शून्यापासून आधी छोटासा चढ आहे, मग माथा, आणि मग लांबच लांब उतार. जावयाच्या चाकूवर नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक धरून मी पाहिलं, तर माथा साधारण पंचवीस अंशांवर सापडला. त्याच्या अलीकडे बोट काढलं की पातं मुकाट्याने आत जातं. पलीकडे गेलं की टक्. म्हणजे मिटलेल्या अवस्थेत हीच स्प्रिंग पात्याला मिटलेलंच ठेवायचा प्रयत्न करत असते. गणिताच्या भाषेत, शून्य अंशापाशी ऊर्जेच्या आलेखाचा चढ धन असतो. टॉर्क हा या चढाच्या उलट चिन्हाचा, म्हणून तो पात्याला वाढत्या कोनाकडे न ढकलता शून्यावरच्या अडणीकडे दाबतो. खटक्याच्या चाकूत तोच चढ ऋण. दोघांतला सगळा फरक एका चिन्हाचा आहे.

आणखी एक गंमत. घरात जुना दुमडता चाकू असेल, नखं कापायच्या कटरला जोडलेला असला तरी चालेल, तर तोही मिटताना आणि उघडताना शेवटी आपणहून बसतो. म्हणजे टेकडी त्याच्याही आलेखात आहे, फक्त मधोमध आणि पसरट, त्यामुळे बहुतेक वाट आपल्यालाच चालावी लागते. असिस्टेड चाकूत ती टेकडी सरकवून मिटण्याच्या टोकाजवळ आणली आणि उघडण्याच्या बाजूची दरी खोल केली, बस्स.

मग उतारावरून धावायची ही ऊर्जा आली कुठून? चाकूत ना बॅटरी ना किल्ली. पातं मिटताना हाताला काय जाणवतं ते बघा. उघडं पातं मिटवायला बराच जोर लागतो, जवळजवळ शेवटपर्यंत, आणि शेवटच्या पंचविसेक अंशांत ते आपणहून आत ओढलं जातं. ती लांब चढण आपण मिटताना चढलेली असते. आज सकाळी टक् करून उघडलेल्या पात्यातली ताकद काल रात्री चाकू मिटताना तुम्हीच भरलेली असते. कोंबावरच्या बोटाने द्यायचा असतो तो फक्त माथ्यापर्यंतचा किरकोळ फरक.

किती असते ही ऊर्जा? मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या स्लो-मोशनमध्ये पातं उघडताना टिपलं. साधारण चोवीस चित्रांत ते पूर्ण उघडलं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पातं २५ ग्रॅमचं धरलं आणि टॉर्क सगळीकडे सारखा मानला, तर ढोबळ हिशोब ०.०९ ज्यूलच्या आसपास येतो. तुलनेसाठी: हाच ८५ ग्रॅमचा चाकू पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून खाली पडला तर जमिनीला भिडताना त्यात ०.६ ज्यूलच्या वर ऊर्जा असते. स्प्रिंगच्या साधारण सातपट! तेव्हा जाहिरातीत 'टॅक्टिकल', 'मिलिटरी ग्रेड' असलं काही वाचून छाती फुगवू नका आणि घाबरूही नका. धोका धारेचा असतो, स्प्रिंगचा फारसा नसतो. एक खबरदारी मात्र खरी आहे. पंचवीस अंशांची टेकडी बुटकीच, किल्ल्यांच्या जुडग्यात कोंब अडकला तर खिशातच ओलांडली जाऊ शकते. म्हणून लीकच्या मुठीवर मिटलेल्या पात्याचं टोक अडवणारी छोटी सरकती कडी दिली आहे. जावई ती कधीच लावत नाही. त्यावर मी बोललोही.

चिन्हाच्या या फरकाची सगळ्यात रंजक गोष्ट कायद्यातली आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत तरुणांच्या टोळ्या आणि खटक्याचे चाकू यांची मोठी धास्ती पसरली आणि १९५८ मध्ये केंद्रीय कायद्याने असे चाकू एका राज्यातून दुसऱ्यात विकण्यावर बंदी आली. पुढे असिस्टेड चाकू निघाले, लाखोंनी खपले, आणि २००९ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने तेही खटक्याचेच मानायचा प्रस्ताव आणला. आरडाओरडा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात अपवाद घातला: ज्या चाकूतली स्प्रिंग किंवा दुसरी यंत्रणा पात्याला मिटण्याकडे कल देते, आणि तो कल मोडायला हाताने पात्यावर जोर लावावा लागतो, तो चाकू या कायद्यातून वगळला. शून्य अंशापाशी चढ धन असेल तर चालेल, ऋण असेल तर नाही. डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे या चढाचं, चिन्ह संसदेने मंजूर केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. राज्याराज्यांचे नियम पुन्हा वेगळे आहेतच.

आपल्याकडे मात्र कायदा चिन्हाकडे बघत नाही, मापं बघतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने गरारीदार (दातेरी चक्रीचे), बटणदार आणि यांत्रिक करामतीने उघड-मिट होणारे चाकू ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीपासून पुढे बंधनात आणले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच, लीकच्या पात्याएवढे. तेव्हा सौभाग्यवतीची शंका विज्ञानात चुकली तरी अगदीच हवेतली नव्हती, हे कबूल करावं लागलं.

रंगाबद्दल थोडक्यात. नातीला वाटलं पेंट आहे. पण यात रंगद्रव्य नावालाही नाही. पोलादावर टायटॅनियम ऑक्साइडचा अतिपातळ पारदर्शक थर आहे. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही खालच्या. दोन्ही लाटा परत भेटतात तेव्हा थराच्या जाडीप्रमाणे काही रंग एकमेकांना खोडतात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग, बुलेटच्या तापलेल्या सायलेन्सरवरचा निळा-जांभळा पट्टा, सगळं याच कुळातलं. जावयाने त्याच पात्याने लोणच्याचं पाकीट कापलं तेव्हा निळ्या भागावर तेलाचं बोट लागलं आणि तेवढाच निळा मंदावून मातकट झाला. थराला वरून तेलाचा आणखी एक थर मिळाला, की सगळं गणित बदलतं. साबणाने धुतल्यावर निळा परत आला. एवढ्याशा थराच्या जिवावर अशा चाकूंना 'टायटॅनियमचा चाकू' म्हणून विकणारेही आहेत. कापतं ते खालचं पोलाद, १४ टक्के क्रोमियमचं.

लोखंडावरून आठवलं. आपल्याकडे बाळाच्या उशाखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवायची पद्धत अजून आहे, वाईट स्वप्नं पडू नयेत आणि भुतंखेतं लांब राहावीत म्हणून. भुताचं सोडा, रांगायला लागलेल्या पोराच्या हाताशी पातं ठेवणं ही शुद्ध बेपर्वाई आहे. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, ही समजूत मात्र मी मोडत नाही. सुरी खाली ठेवून मग समोरच्याने उचलावी, यात बोटं वाचतात.

सांगलीला परत आल्यावर एका संध्याकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून स्कूटरच्या स्टँडवर कोनमापक लावला. माथ्यावर स्टँड मधेच उभा राहतो का ते बघायचं होतं. सिद्धांताने ती जागा अस्थिर समतोलाची, तिथे काहीही टिकू नये. पण बोल्टमध्ये गंज आणि चिखल इतका, की घर्षणाच्या कृपेने तो तीन-चार अंशांच्या पट्ट्यात कुठेही थांबत होता. मी खडूने दोन्ही कडांना खुणा केल्या. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "काका, स्टँड बिघडलाय का? थोडं ऑइल घाला, जाईल."

ऑइल घातलं. पट्टा एका अंशावर आला.