लोहाच्या गोळीचा खरा डोस

हिमोग्लोबिन कमी आले की सकाळ-संध्याकाळ गोळी घेतल्याने ते दुप्पट वेगाने भरून निघेल, अशी समजूत अनेक घरांत आढळते. तसे होत नाही. मुळात एका गोळीत लोह किती आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पाकिटावरचे ‘फेरस फ्युमरेट 200 मि.ग्रॅ.’ हे संपूर्ण क्षाराचे वजन असून त्यात प्रत्यक्ष लोह सुमारे 65 मि.ग्रॅ. असते; फेरस ग्लुकोनेटच्या 300 मि.ग्रॅ.च्या गोळीत ते जेमतेम 35 मि.ग्रॅ. भरते. गोळी बदलताना तुलना करायची ती ‘एलिमेंटल आयर्न’च्या, म्हणजे प्रत्यक्ष लोहाच्या आकड्यांची.

पोटात गेलेले सगळे लोह रक्तात पोहोचत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशी ते आत घेतात आणि फेरोपोर्टिन या प्रथिनावाटे रक्तात सोडतात. जादा लोह बाहेर टाकण्याची खास यंत्रणा शरीराजवळ नसल्याने नियंत्रण शोषणाच्या वेळीच करावे लागते. त्यासाठी यकृत हेप्सिडिन नावाचे, अवघ्या 25 अमिनो आम्लांचे संप्रेरक स्रवते. ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटले की पेशी ते प्रथिन आत ओढून नष्ट करते, लोह पेशीतच अडकते आणि काही दिवसांनी पेशी झडली की शौचावाटे निघून जाते. 60 मि.ग्रॅ. लोह घेतल्यावर हेप्सिडिन वाढते आणि सुमारे 24 तास वाढलेलेच राहते. झुरिचच्या संशोधकांनी 2017 मध्ये लोह कमी असलेल्या, गर्भवती नसलेल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रोजच्या गोळीतून सुमारे 16 टक्के, तर एक दिवसाआडच्या गोळीतून सुमारे 22 टक्के लोह शोषले गेले. संध्याकाळच्या दुसऱ्या गोळीतले बरेचसे लोह त्यामुळे आतड्यातच राहते आणि मळमळ व बद्धकोष्ठता वाढवते.

गर्भवतींनी मात्र यावरून आपला डोस स्वतः बदलू नये. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात त्यांना 60 मि.ग्रॅ. लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी 180 दिवस रोज दिली जाते. या गोळ्यांनी बाळ काळे होते, हा समज निराधार आहे. काळी होते ती शौच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बीट लाल असते म्हणून त्याच्या रसाने रक्त वाढते, हा प्रचारही तितकाच पोकळ आहे. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून लोहाची गोळी दोन तास तरी दूर ठेवावी.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमीच, असेही नाही. थॅलसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात ते लोहाचा साठा पुरेसा असतानाही कमी असते, म्हणून डॉक्टर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासतात.

सर्वांत मोठा धोका घरातल्या लहान मुलांना आहे. दहा किलो वजनाच्या मुलाने 60 मि.ग्रॅ. लोहाच्या दहा गोळ्या गिळल्या, तर ती मात्रा प्राणघातक ठरू शकते. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे दिसते, पण त्याच काळात यकृताला इजा होत असू शकते. म्हणून उलट्या थांबल्या तरी मुलाला पाकिटासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.