गुत्तीचा निळा कोळी: एका छंदामागची सव्वाशे वर्षं

नागपुरात टॅरॅन्टुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारी मंडळी मोजकीच आहेत, पण आहेत. सर्वांत देखणा कोळी कोणता, असं त्यांना विचारलं की उत्तर बहुतेक एकच येतं: निळा, म्हणजे पोएसिलोथेरिया मेटॅलिका. गडद निळं अंग, पायांवर पिवळे ठिपके आणि पाठीवर पांढरट नक्षी. त्याचं नाव युरोपातल्या ब्रीडरांच्या याद्यांमध्ये दिसतं, म्हणून अनेकांना तो परदेशीच वाटतो. प्रत्यक्षात हा जीव साऱ्या जगात नैसर्गिकरीत्या आढळतो तो फक्त आंध्र प्रदेशात. आज हा कोळी पाळताना जी कागदपत्रं विचारली जातात, ती का विचारली जातात हे त्याच्या इतिहासातून कळतं.

१८९९ साली ब्रिटिश म्युझियममधले आर. आय. पोकॉक यांनी या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यांच्या हाती एकच नमुना होता, आंध्र प्रदेशातल्या गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकूड-यार्डात सापडलेला. त्याच सुमारास भारतातल्या इतर अनेक कोळ्यांनाही पोकॉक यांनी नावं दिली. सह्याद्रीत दिसणारा पोएसिलोथेरिया रेगॅलिस त्यांतलाच एक. १९०० साली ब्रिटिश भारतातल्या विंचू-कोळ्यांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि पुढच्या अनेक पिढ्या त्यावरच अवलंबून राहिल्या. निळा कोळी मात्र पुन्हा कुणाला दिसला नाही, कारण लोक त्याला गुत्तीत शोधत होते आणि तो गुत्तीचा नव्हताच. लाकडाबरोबर मालगाडीतून तो तिथे आला असावा, असं आज मानलं जातं. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तो पुन्हा सापडला.

यापुढचा भाग वाचताना वाईट वाटतं. कोळी सापडल्याची बातमी फुटली आणि काही वर्षांतच त्याची पिल्लं युरोप-अमेरिकेत विकली जाऊ लागली. सुरुवातीला अमेरिकेत एकेका कोळ्याला पाचशे डॉलरच्या वर भाव होता. २००८ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला 'अति संकटग्रस्त' ठरवलं. अधिवास शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी, तोही तुकड्यातुकड्यांत. हा कोळी जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत राहतो. सरपणासाठी आणि इमारती लाकडासाठी तीच झाडं आधी तुटतात, आणि उरलेल्या झाडांवरचे कोळी गोळा करून विकले जातात. परदेशातली आजची सगळी पिलावळ शेवटी याच जंगलातून नेलेल्या कोळ्यांची आहे.

हे सगळं याआधी मेक्सिकोत घडून गेलं होतं. तिथला लाल गुडघ्यांचा ब्राकीपेल्मा स्मिथी दिसायला सुंदर आणि स्वभावाने शांत, त्यामुळे पाळणाऱ्यांचा फार लाडका. जंगलातून तो इतका उचलला गेला की १९८५ साली त्याला साइटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात टाकावं लागलं. या जातीची मादी वयात यायला कित्येक वर्षं घेते आणि पुढे दीर्घकाळ जगते. अशा जातीतल्या मोठ्या माद्या काढून नेल्या की पुढच्या पिढ्याच खुंटतात. ससे किंवा कबुतरं यांचा हिशोब इथे लागू पडत नाही, आणि माझ्या मते छंदात नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं ते हेच.

रंगाविषयीही थोडं सांगायला हवं, कारण हौस मुळात रंगाचीच. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. केसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, त्यातून तो दिसतो. २०१५ च्या एका अभ्यासात असं आढळलं की टॅरॅन्टुलांमध्ये निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. या कोळ्यांची नजर अधू असते, तेव्हा हा रंग जोडीदाराला भुलवण्यासाठी नसावा. मग तो कशासाठी, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही.

प्रजनन हा या छंदातला सगळ्यात नाजूक भाग. वयात आलेला नर आधी एक छोटं जाळं विणतो, त्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकांना असलेल्या बोंडांत तो भरून घेतो. मग मादीच्या ढोलीपाशी जाऊन पायांनी थापा मारतो. मादी राजी असेल तर तीही थाप देते. बंद खोलीत कान दिला तर ती ऐकूही येते. राजी नसेल तर नराचा जीव जाऊ शकतो. जोडी जुळली तरी काम संपत नाही. अंडी घालण्याआधी मादीने कात टाकली, तर साठवलेला शुक्रही कातीबरोबर निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सगळं नीट झालं तर ती रेशमी कोष विणते आणि तो कवेत धरून अधूनमधून फिरवत राहते. नर वयात आल्यावर जेमतेम वर्षभर टिकतात, मादी दहा-बारा वर्षं जगते. त्यामुळे योग्य वेळी नात्याबाहेरचा नर मिळणं हीच मोठी अडचण असते. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावत राहिलं तर वाण कमजोर होतो.

त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, आणि या कोळ्याला पंचवीस-अठ्ठावीस अंश मानवतात. कूलर लावला की खोली थंड होते खरी, पण हवा इतकी दमट होते की हवा न खेळणाऱ्या डब्यात बुरशी धरते. हवा आरपार खेळावी म्हणून डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना जाळी ठेवणं आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत तो ठेवणं, हा इथला साधा उपाय. शिवाय हा कोळी विजेसारखा पळतो. अमेरिकेतल्या टॅरॅन्टुलांसारखे खाज आणणारे केस त्याच्याकडे नसतात, म्हणून तो थेट चावतो. त्याच्या चाव्याने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण स्नायूंमध्ये गोळे येतात आणि ते बराच काळ छळतात. लहान मुलं असलेल्या घरात हा पाळू नये, असंच मी म्हणेन.

कायदा बराच उशिरा आला. २०१९ साली जिनिव्हातल्या परिषदेत पोएसिलोथेरिया गटातल्या सगळ्याच जाती साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. प्रस्ताव श्रीलंका आणि अमेरिकेचा होता. भारतात जून २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा मिळाली. तरी चोरटी आयात थांबली नाही. जुलै २०२१ मध्ये पोलंडहून आलेल्या एका पार्सलात चेन्नई कस्टम्सला १०७ जिवंत कोळी सापडले. चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्यांमध्ये. ते परत पाठवण्यात आले. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटिसच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार आता केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवावं लागतं. महाराष्ट्राच्या वन विभागाचं मुख्यालय नागपुरातच आहे, म्हणजे इथल्या पाळणाऱ्याला शंका विचारायलाही लांब जावं लागत नाही.

एक अडचण मात्र या पद्धतीत राहून गेली आहे. पोपटाच्या पायात कडं घालता येतं, कासवाला चिप बसवता येते. कोळ्याच्या अंगावर कुठलीही खूण केली तरी पुढच्या कातीबरोबर ती गळून पडते. दोन निळ्या माद्या शेजारी ठेवल्या, तर नोंदलेली कोणती आणि चोरून आणलेली कोणती हे नजरेने सांगता येणार नाही. त्यावर उपाय कातीतच आहे. मोठ्या कोळ्याची कात भिंगाखाली पाहून नर-मादी ओळखता येते आणि टाकलेल्या कातीतून डीएनएही मिळवता येतो. म्हणून प्रत्येक कात तारीख घालून जपून ठेवावी आणि कोळी दुसऱ्याला देताना त्याच्या सगळ्या काती सोबत द्याव्यात, हा शिरस्ता नागपुरातल्या पाळणाऱ्यांनी आजपासून पाडावा. सरकारने सांगेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही.