मेंढपाळाचा आदर्श आणि ख्रिस्ती नेतृत्व : पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाहेर पडतात, पीक निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. त्यामुळे बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळ व मोलकरी यांच्यातला फरक, म्हणजे मेंढरांसाठी प्राण देणारा मेंढपाळ आणि लांडगा दिसताच पळणारा मजुरीचा माणूस, खानदेशातील मंडळ्यांना (स्थानिक चर्चना) फोड करून सांगावा लागत नाही.

राजाला मेंढपाळ म्हणण्याची पद्धत पश्चिम आशियात फार जुनी असून हम्मुराबीनेही स्वतःला तसेच म्हणवून घेतले आहे. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या 34व्या अध्यायात कळपाच्या जिवावर स्वतःलाच पोसणाऱ्या पुढाऱ्यांना फटकारले, तर पेत्राच्या पहिल्या पत्राने वडिलांना (मंडळीतील ज्येष्ठ पुढाऱ्यांना) धनीपण गाजवू नका असे बजावले. पुढे बिशपांच्या हाती मेंढपाळाची काठी आली, ती आजही आहे.

मेंढपाळाच्या अधिकाराविषयीचा खरा वाद मात्र 1970च्या दशकातला आहे. अमेरिकेत करिष्माई जागृतीतून (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या चळवळीतून) आलेले अनेक विश्वासणारे कोणत्याच मंडळीला जबाबदार नव्हते. ही मोकाट अवस्था आवरण्यासाठी फ्लोरिडातील पाच शिक्षकांनी प्रत्येकाला एक व्यक्तिगत मेंढपाळ असावा, असे ठरवले. हेतू रास्त होता आणि अनेकांना त्यातून घरपण मिळाले, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. परंतु दशांश (उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग) त्या मेंढपाळाच्याच हाती देण्याची रीत पडली, लग्न, नोकरी, घर बदलणे अशा बाबींतही त्याची संमती अपेक्षिली जाऊ लागली आणि त्या मेंढपाळावर आणखी एक मेंढपाळ, अशी उतरंड उभी राहिली. 1975मध्ये हा वाद उघड पेटला, 1986पर्यंत त्या पाच जणांची संघटित वाटचाल संपली आणि त्यांतील एकाने नंतर जाहीर क्षमा मागितली. प्रस्तुत लेखकाच्या मते शिस्तीपेक्षा दशांशाचा निर्णय अधिक घातक ठरला, कारण त्यामुळे मेंढपाळाचे उत्पन्न आणि मेंढराचे आज्ञापालन एकाच गाठीत बांधले गेले.

नंदुरबार-नवापूर पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन पार्श्वभूमीच्या मिशनऱ्यांनी रुजवलेल्या आदिवासी मंडळ्यांत हा वाद त्या रूपात पोहोचला नाही. येथे पाळकासोबत (मंडळीच्या धर्मसेवकासोबत) वडीलही मंडळीचा कारभार पाहतात. तरीही पाळकाच्या पगाराचा विषय निघाला की एक बाजू योहानातील मोलकऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरी बाजू करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय उघडते, जिथे कळप पाळणाऱ्याचा दुधावरचा हक्क पौलाने मान्य केला आहे.