३३ मीटर खोल स्टेशनात लिफ्ट कुठे आहे, ते आधी बघा

पुण्याचं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन (नाव आता जिल्हा न्यायालय झालंय, पण बोलताना अजून सिव्हिल कोर्टच) जमिनीखाली साधारण ३३ मीटर आहे, म्हणजे दहा मजली बिल्डिंगएवढं खोल. देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्टेशनांपैकी एक. एवढं खाली जायचं कारण म्हणजे इथून स्वारगेटकडे निघालेला बोगदा मुठा नदीच्या पात्राखालून जातो, नदीखाली पुरेसा खडक शाबूत ठेवायचा तर ट्रॅक बराच आधीपासून खाली न्यावा लागतो, कारण मेट्रोला एकदम तीव्र उतार घेता येत नाही. आणि गंमत अशी की वनाझ-रामवाडी लाइन याच जागी खांबांवरून जाते. त्यामुळे गाडी बदलणाऱ्याला जमिनीच्या पोटातून निघून रस्त्याच्याही वर चढायचं असतं!

आता जरा हिशोब करू. एक पायरी १५ सेंमी धरली तर ३३ मीटरला २२० पायऱ्या होतात. सरकता जिना ३० अंशात असतो, तेव्हा त्याची तिरपी लांबी ६६ मीटर, आणि अर्धा मीटर सेकंदाला या वेगाने नुसतं उभं राहून दोन मिनिटांच्या वर. रॅम्प? व्हीलचेअरसाठी १:१२ चा उतार योग्य मानतात, म्हणजे एक मीटर उतरायला १२ मीटर रस्ता, तर ३३ मीटरला जवळजवळ ४०० मीटर, आणि मध्ये थांबायच्या सपाट जागा वेगळ्याच. असा रॅम्प कोणी बांधणार नाही आणि बांधला तरी हाताने चाक फिरवत तो चढणं भयंकर आहे. त्यामुळे रॅम्पचं काम फुटपाथवरून दारात शिरण्यापुरतं, त्यापुढे एवढ्या खोलीवर व्हीलचेअरला लिफ्ट हाच रस्ता. आपण लिफ्टला "सोय" म्हणतो ते मला पटत नाही, काही लोकांसाठी तोच जिना आहे.

मग रस्त्यावरून थेट प्लॅटफॉर्मवर एकच लिफ्ट का नाही सोडत? कारण मधे तिकीट असतं. भुयारी स्टेशनात सहसा रस्ता, त्याखाली कॉनकोर्स (म्हणजे मधला मजला), त्याखाली प्लॅटफॉर्म अशी रचना असते, तिकिटाची गेटं कॉनकोर्सवर, म्हणून एक लिफ्ट गेटांच्या बाहेरची आणि दुसरी आतली. दोन लिफ्ट आणि मधे एक रुंद गेट, या साखळीतली एक कडी तुटली की सगळा प्रवास तुटला. त्यात वरची लिफ्ट रस्त्याच्या एकाच बाजूला असेल तर समोरच्या बाजूच्या माणसाला आपला तो सगळा ट्रॅफिक ओलांडून यावं लागतं, आणि हे नकाशावर दिसत नाही, चाकावर बसलं की कळतं.

प्लॅटफॉर्म कसा आहे यानेही फरक पडतो. दोन ट्रॅकच्या मधोमध एकच प्लॅटफॉर्म असेल तर एक लिफ्ट दोन्ही दिशांना पुरते, दोन बाजूंना दोन प्लॅटफॉर्म असतील तर दोन लागतात आणि चुकीच्या बाजूला उतरलात तर परत वर. लिफ्टला समोरासमोर दोन दारं असली तर फारच उत्तम, चेअर आत वळवायला लागत नाही, कारण पूर्ण गिरकी घ्यायला साधारण दीड मीटर मोकळी जागा हवी.

सरकत्या जिन्यांबद्दल एकच सांगतो, फक्त वर जाणारा बसवून भागत नाही. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर चांगलाच ताण येतो, दुखऱ्या गुडघ्यांच्या आजी-आजोबांना विचारा.

ज्यांना दिसत नाही त्यांना पायाला जाणवणाऱ्या, फरशीवरच्या उंचवट्यांच्या पिवळ्या पट्ट्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. जमिनीखाली ऊन-वारा, दुकानांचे आवाज, वास यातलं काहीच नसतं, म्हणून त्यांना दिशा ओळखायला इथे या पट्ट्या जास्तच लागतात, आणि त्यांच्यावर स्टँड, कुंड्या, बॅरिकेड ठेवलेले बघून खरंच राग येतो.

हे सगळं सुरुवातीलाच का करायचं ते लंडन-न्यूयॉर्ककडे बघा. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, आज २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच पायरीशिवाय वापरता येतात. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये, पायरीशिवाय जाता न येणाऱ्या स्टेशनांपैकी ९५ टक्के सुगम करायचं कबूल केलं, मुदत २०५५! चालू स्टेशनाच्या पोटात, पाइप आणि पाये चुकवत नवीन लिफ्टची विहीर खोदणं इतकं अवघड असतं.

आणि आग लागली तर? जगभर वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए १३० या मेट्रो-रेल्वेच्या अग्निसुरक्षेच्या अमेरिकन नियमावलीत प्लॅटफॉर्म ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि ६ मिनिटांत सगळे सुरक्षित जागी पोचावेत असा हिशोब आहे, पण साधी लिफ्ट आगीच्या वेळी वापरायची नसते. म्हणून धूर शिरणार नाही अशी, आगीला तोंड देणाऱ्या भिंतींची जागा खालीच ठेवावी लागते, जिथे चेअरवरचा माणूस मदत येईपर्यंत थांबू शकेल, तिथून कंट्रोल रूमशी बोलायची सोय हवी, आणि ती जागा कुठे आहे हे कर्मचाऱ्यांइतकंच प्रवाशालाही आधीच माहीत असायला हवं.